एकेचाळीस नंबरच्या बागेतला झेंडा

बोडिल क्राग ज्या घरात राहत असे, तिथे टपाल दाराच्या फटीतून आत पडत असे. पितळी झाकण खटकन वाजे आणि कागद जमिनीवर येई. हातातले काम टाकून ती दाराशी जाई, पण वाकून कागद उचलण्याचा धीर तिला होत नसे. ती उभी राहून लिफाफ्याचा रंग पाही. लिफाफा पांढरा असेल आणि त्यावर खिडकी असेल, तर तो सरकारी.

"अगं, गालिचेवाल्याचं पत्रक आहे ते," तिचा नवरा ओस्ताप स्वयंपाकघरातून म्हणे. "गालिचेवाला मला देशाबाहेर काढणार नाही. फार तर गालिचा गळ्यात मारील."

"तू हस. तुझं काय जातंय?"

"माझंच तर जातंय सगळं," असे तो म्हणे.

बोडिल स्वभावाने भित्री नव्हती, हे आधी सांगितले पाहिजे. तिचा जन्म कोपनहेगनचा, अमागेर बेटावरच्या दोन खोल्यांच्या घरातला. आई ती नऊ वर्षांची असताना गेली. वडील एइनार गोदीत लोखंडाची जोडकामे करीत. सोळाव्या वर्षी ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला लागली आणि पुढची पाव शतकाहून अधिक वर्षे तिने वाफाळलेल्या चादरी ओढल्या. एकदा मुकादमाने एका गरोदर बाईला कामावरून काढण्याचे ठरवले, तेव्हा बोडिलने मोठे यंत्र बंद केले आणि त्याच्या बटणाला पाठ लावून ती दोन तास उभी राहिली. मुकादमाने शब्द मागे घेतला. अशी ती बाई. भय तिच्या आयुष्यात आले ते प्रेमाच्या पाठोपाठ, आणि आल्यावर घरच्यासारखे राहिले.

वयाच्या एकेचाळीसाव्या वर्षी तिने शनिवारच्या बाजारात वडिलांच्या बागेसाठी टोमॅटोची सहा रोपे घेतली. सहाही मेली. पुढच्या शनिवारी ती भांडायला गेली. रोपे विकणारा उंच माणूस युक्रेनचा होता. शहराबाहेरच्या एका काचघरात तो शिकाऊ म्हणून दीड वर्षाच्या परवान्यावर आला होता.

"तुझी रोपं मेली," ती म्हणाली.

"पाणी किती घातलंस?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ."

"मग ती मेली नाहीत, बाई. तू ती बुडवलीस."

तिला राग यायला हवा होता, पण हसू आले. पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केले. परवान्याचे चार महिने उरले होते.

त्या काळी डेन्मार्कात परदेशी नवऱ्याला किंवा बायकोला ठेवून घेणे म्हणजे सुईच्या नेढ्यातून दोरखंड ओवणे होते. घर स्वतःच्या नावावर हवे आणि पुरेसे मोठे हवे. बोडिलचे घर वडिलांच्या नावावर आणि लहान. शिवाय तिची पाठ धरली होती त्या वर्षी तिने नगरपालिकेची मदत घेतली होती, तीही आड आली. अर्ज नामंजूर झाला. जन्मभर ज्या गावाच्या इस्पितळांच्या चादरी तिने स्वच्छ केल्या, त्या गावात तिच्या नवऱ्याला पाठ टेकायला जागा नव्हती.

धुलाईघरातली तिची मैत्रीण ग्रेटे म्हणाली, "रडतेस काय? पूल ओलांड. पलीकडे माल्मोत घर घे. माझ्या भाच्याने तेच केलं, बायको ब्राझिलची त्याची."

"स्वीडनमध्ये? आपल्या देशात तो नको, आणि परक्या देशात चालेल?"

"तेच तर. आपल्या घरात आपण आपल्या कायद्याचे. शेजारी राहायला गेलं की आपण युरोपचे. युरोपच्या कायद्यानं तुझ्या मागोमाग तुझा नवराही आला. थोडी वर्षं खरोखर तिथं राहा, मग त्याच हक्कानं दोघं परत या."

"म्हणजे मागच्या दारानं?"

"दार पुढचंच आहे गं. फक्त घराला वळसा घालायचा."

त्या 'खरोखर' या शब्दाकडे बोडिलने तेव्हा फारसे लक्ष दिले नाही. पुढे तिची झोप त्याच शब्दाने उडवली.

त्यांनी माल्मोत दीड खोलीचे घर घेतले. ओस्तापला तिथले ओळखपत्र मिळाले. तो सकाळी एका सुताराच्या हाताखाली काम करी आणि आठवड्यातून दोन दिवस भाषा शिकायला जाई. बोडिल पहाटे साडेचारला उठून पुलावरच्या गाडीने कोपनहेगनला कामाला जाई आणि संध्याकाळी परत येई. पुलाखाली समुद्र राखाडी दिसे. गाडीत तिच्यासारखे आणखी पुष्कळ लोक असत. कोणाची बायको थायलंडची, कोणाचा नवरा घानाचा. ते एकमेकांना चेहऱ्याने ओळखत, मान हलवत, पण फारसे बोलत नसत. जो तो आपापली पिशवी घट्ट धरून बसे.

परत यायचे तर 'खरोखर राहिलो' हे सिद्ध करावे लागणार होते. प्रश्न ओस्तापचा नव्हता. प्रश्न बोडिलचा होता. तिचे काम कोपनहेगनात, वडील कोपनहेगनात, दाताचा डॉक्टरसुद्धा कोपनहेगनात. माल्मोत तिचे काय होते? एक पलंग, एक टेबल आणि नवरा. म्हणून तिने बुटांच्या खोक्यात पुरावे साठवायला आरंभ केला. माल्मोच्या दुकानातल्या पावाची पावती, ग्रंथालयाचे कार्ड, छत्री दुरुस्त केल्याची चिठ्ठी. बोलतानाही ती जपून बोलू लागली. एकदा ग्रेटेजवळ ती "घरी जाऊन येते" असे वडिलांच्या घराविषयी बोलून गेली आणि लगेच तिने मागे वळून पाहिले. धुलाईघरात चादरींवाचून कोणी नव्हते.

अशी दोन वर्षे गेली. तिसऱ्या वर्षीच्या एप्रिलात एइनार यांच्या फुप्फुसांनी दगा दिला. गोदीतला धूर चाळीस वर्षे आत साठला होता. ते इस्पितळात पडले. डॉक्टरने सांगितले, "घरी पाठवता येईल, पण रात्री घरात कोणीतरी हवं. नाहीतर वृद्धाश्रमातली खाट बघावी लागेल."

"माझी लेक आहे," एइनार म्हणाले.

लेक होती. पण लेक वडिलांच्या घरी झोपू लागली, तर माल्मोतले राहणे खोटे ठरणार होते. ते खोटे ठरले, तर परतण्याचा हक्क जाणार होता, आणि कदाचित माल्मोचे ओळखपत्रही. मग ओस्तापला गाडीत बसवून द्यावे लागले असते, तेही जन्मगावच्या. वडिलांच्या उशाशी बसावे तर नवरा जातो. नवऱ्याजवळ राहावे तर वडील एकटे पडतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिने परतीचा अर्ज कोपनहेगनच्या कार्यालयात दिला आणि त्या दिवसापासून तिचा जीव टांगणीला लागला.

एइनार यांचा जीव मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. अमागेरवर त्यांची एक लहानशी बाग होती. बागसंघातला एकेचाळीस नंबरचा तुकडा. त्यात लाकडी खोपटे, बटाट्याचे चार वाफे, एक सफरचंदाचे झाड आणि झेंड्याची पांढरी काठी. बाग ओस पडली असे संघाला वाटले, तर ती यादीतल्या पुढच्या माणसाला जाते.

"झेंडा रोज चढला पाहिजे," एइनार नाकातल्या नळीमागून म्हणाले. "झेंडा वर असला म्हणजे मालक जिवंत आहे. कळलं ना, पोरी?"

"कळलं, बाबा."

"आणि फोल्मरला कुंपणाबद्दल बोलायला जागा देऊ नकोस. तो वीतभर फूटपट्टी घेऊनच जन्माला आलाय."

फोल्मर हा बागसंघाचा अध्यक्ष. वय अठ्ठ्याहत्तर, बायको निवर्तलेली, आणि खिशात घडीची मोजपट्टी. कोणाच्याही कुंपणाची झाडे नियमापेक्षा चार बोटे उंच झाली, तर तो ती मोजून दाखवी. उन्हाळाभर तो आपल्या खोपटातच राही.

मे महिन्यापासून क्रम ठरून गेला. दोन वाजता काम संपले की बोडिल इस्पितळात जाई. ओस्ताप दुपारच्या गाडीने येऊन बाग पाही. त्याने तिथे बीट आणि शेपू लावला होता. चार वाजता बोडिल बागेत येई आणि झेंडा चढवी. आठ वाजले की दोघे पळत सुटत. आठ वीसची गाडी चुकली, तर पहाटेपर्यंत झोपेचे खोबरे होई. उन्हाळ्यात तिकडे दहापर्यंत लख्ख उजेड असतो. ती पाणी बंद करी, तो खोपट्याला कुलूप घाली, आणि दुसऱ्या दिवशी झेंडा ओसरीवरच्या पेटीत नीट घडी घालून ठेवलेला सापडे.

"हा काय, राजवाड्याचा झेंडा आहे का?" फोल्मर कुंपणावरून म्हणे. "उशिरा चढतो आणि मालक घाईने पळतात!"

"आमचा राजा इस्पितळात आहे, फोल्मर," बोडिल म्हणे.

"तुझ्या युक्रेनवाल्याचा शेपू माझ्या हद्दीत आलाय."

"खाऊन टाक," ओस्ताप म्हणे. "पोटाला बरा असतो. रागही कमी होतो म्हणतात."

फोल्मर मोजपट्टी उघडी, बंद करी आणि निघून जाई. दुसऱ्या दिवशी कुंपणावर नव्या बटाट्यांची टोपली ठेवलेली असे.

जुलैतली एक संध्याकाळ बोडिल कधी विसरली नाही. त्या दिवशी एइनार यांना श्वास पुरत नव्हता. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. नर्सने औषध दिले आणि ती दुसऱ्या खोलीत गेली. खिडकीतून उन्हाची तिरीप पलंगावर आली होती. आठ वाजायला दहा मिनिटे होती.

"आजची रात्र राहा," एइनार म्हणाले.

त्यांनी आयुष्यात कोणाजवळ काही मागितले नव्हते. बोडिलने त्यांचा हात धरला. तिच्या डोळ्यांपुढे वडिलांचा चेहरा होता आणि त्या चेहऱ्यामागे एक कार्यालय होते. कोणीतरी विचारील, बारा जुलैच्या रात्री तू कुठे होतीस? इस्पितळाच्या वहीत नोंद असेल. एका रात्रीचे खोटे दोन वर्षांच्या खऱ्याला खाऊन टाकील.

"गाडी आहे, बाबा," ती म्हणाली. "उद्या लवकर येते."

त्यांनी डोळे मिटले. "हो, हो. गाडी चुकेल."

ती जिन्यापर्यंत चालत गेली आणि मग पळाली. पुलावर गाडी गेली तेव्हा तिने दोन्ही हात कानांवर ठेवले होते. स्टेशनात भेटलेला ओस्ताप शेजारी तिची पिशवी धरून बसला होता. सकाळी एइनार जिवंत होते; नर्सने त्यांना दुधात भिजवलेला पाव भरवला होता. पण बोडिलच्या मनावर त्या संध्याकाळचा चरा राहिला तो राहिलाच.

ऑगस्टच्या अखेरीस फोल्मर कॉफीचा थर्मास घेऊन त्यांच्या ओसरीवर आला. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. बोडिलच्या मनात पाल चुकचुकली.

"तुमच्यासाठी एक काम केलंय मी," तो म्हणाला. "सांगणार नव्हतो. पण चांगलं काम लपवून काय करायचं?"

"कुंपण छाटलंस?"

"त्या कार्यालयाला पत्र लिहिलं. संघाच्या कागदावर, शिक्क्यासह." त्याने खिशातून प्रत काढली आणि घसा साफ करून वाचली. "बोडिल क्राग आणि तिचा नवरा यांना मी चांगला ओळखतो. ती दोघे मे महिन्यापासून रोज आमच्यात आहेत. सबंध उन्हाळा त्यांनी इथेच काढला. कष्टाळू माणसे आहेत. अशी माणसे आपल्या देशात हवीत."

ओस्तापच्या हातातला पेला टेबलावर टेकला तो आवाज करून.

"काय झालं?" फोल्मर म्हणाला. "शुद्धलेखनाची चूक आहे का?"

"फोल्मर," ती हळूच म्हणाली, "आम्ही इथं राहत नाही, हेच तर आम्हांला सिद्ध करायचंय."

"पण तुम्ही इथं होतात! रोज! मी काय खोटं लिहू?"

त्याचे बोलणे खरे होते. वैऱ्याने केलेली चहाडी माणूस खोडून काढतो. प्रेमाने दिलेली साक्ष कशी खोडायची? फोल्मर कॉफी न पिताच उठून गेला. थर्मास तिथेच राहिला.

बारा दिवसांनी झाकण वाजले. लिफाफा पांढरा होता आणि त्यावर खिडकी होती.

पत्र दीड पानाचे होते. त्यात दोन मुद्दे होते. पहिला, माल्मोतल्या घराचा विजेचा खप उन्हाळ्यात निम्म्याहून खाली आला होता. दुसरा, शेजाऱ्याच्या पत्रावरून अर्जदार उन्हाळाभर डेन्मार्कात वास्तव्य करून होती असे दिसत होते. दोघांनी अमुक तारखेला स्वतंत्रपणे बोलण्यासाठी हजर राहावे.

"उन्हाळ्यात दिवे लावतं कोण?" ओस्ताप म्हणाला. "दहापर्यंत सूर्य डोक्यावर असतो. त्या कार्यालयाला खिडक्या नाहीत का?"

"त्यांना सूर्य दिसत नाही. त्यांना बिल दिसतं."

त्या आठवड्यात तिने घर पाठ केले. ओस्तापला ती विचारी, "पडद्याचा रंग? मी पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपते? कचऱ्याची गाडी कोणत्या वारी येते?" तो उत्तरे देई. एका रात्री त्याने उत्तर दिले नाही, तो म्हणाला, "बोडिल, मला तुझ्याबद्दल परीक्षा द्यायची लाज वाटते." तिलाही वाटत होती. तरी तिने पडद्याचा रंग पुन्हा विचारला. खोक्यातल्या पावत्या तिने टेबलावर मांडल्या. दुकानाच्या पावतीवर दुपारची वेळ होती, शनिवार होता, रविवार होता. रात्रीची पावती एकही नव्हती. गाडीचा पास महिन्याचा. त्यावर कोण कधी गेले याची खूण उमटत नव्हती. माणूस रात्री आपल्या अंथरुणात झोपला, याची पावती कुठे मिळते?

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी ती फोल्मरचा थर्मास परत करायला गेली. त्याने दार उघडले आणि तो बाजूला झाला.

"मी दुसरं पत्र लिहीन," तो म्हणाला. "पण काय लिहू? तुम्ही रात्री नव्हतात हे मला काय ठाऊक?"

"तू कधी पाहिलंस का आम्हांला जाताना?"

"जाताना? रोज!" म्हातारा एकदम चिडला. "पळताना पाहिलंय. आणि आता विषय निघालाच आहे, तर बोलून टाकतो. वडील आजारी म्हणून उन्हाळाभर मी तोंड दाबून बसलो होतो. पण झेंडा तसाच वर ठेवून जायचं, हे काय वागणं झालं? एइनारची मुलगी असून?"

"कसला झेंडा?"

"कसला म्हणजे? तुमचा! सूर्यास्त व्हायला आला की मी माझी काठी टेकत येतो आणि तुमचा झेंडा उतरवतो. घडी घालून पेटीत ठेवतो. एकदा पावसात भिजलो!"

सूर्यास्तानंतर झेंडा वर राहू द्यायचा नाही, हे तिकडच्या मुलाला चालायच्या आधी कळते. बोडिलला वाटत होते, ओस्ताप कुलूप घालताना उतरवतो. ओस्तापला वाटत होते, ती पाणी बंद करताना उतरवते. घडी रोज पेटीत असे, म्हणून दोघांनी कधी एकमेकांना विचारले नव्हते. पहिल्यांदा तिला फक्त लाज वाटली, आणि थोड्या वेळाने ती लाज बाजूला सारून दुसरेच काहीतरी वर आले.

"फोल्मर," ती म्हणाली, "हे तू कुठं लिहून ठेवलंयस का?"

"अर्थात लिहून ठेवलंय. शरदातल्या सभेत मांडायचं होतं मला." त्याने फळीवरून संघाची हिरवी वही काढली. त्या वहीत कुंपणाच्या उंच्या होत्या, मोकाट कुत्रे होते आणि पाना-पानावर एकेचाळीस नंबर होता. 'मालक आठ वाजता आगगाडीसाठी गेले. झेंडा वरच. सूर्यास्ताआधी मी उतरवला.' तारखा मे महिन्यापासून होत्या. बारा जुलैच्या ओळीत लिहिले होते: 'मालकीण आज बागेत आली नाही. नवऱ्याने झेंडा चढवला. तो एकटाच गाडीला गेला, स्टेशनात बायको भेटेल म्हणाला. सव्वानऊपर्यंत वाट पाहून उतरवला.'

बोडिलने ती ओळ दोनदा वाचली आणि वही मिटली.

"उद्या तू माझ्याबरोबर चल," ती म्हणाली.

"तुमची तक्रार घेऊन? तुमच्याच बाजूने?"

"हो."

"लोक वेडे झालेत," फोल्मर म्हणाला आणि सदरा इस्त्रीला काढू लागला.

कार्यालयातली बाई पन्नाशीची होती. तिच्या टेबलावर एका लहान कुंडीत निवडुंग होता. तिने बोडिलला 'तू' म्हटले, जसे तिकडे सगळेच म्हणतात, पण त्या 'तू'त शेजारपण नव्हते. ओस्ताप आधी आत जाऊन आला होता. येताना त्याने बोडिलकडे पाहिले नाही, कारण तसे बजावले होते. पडद्याचा रंग तिला आठवेना. हिरवा की निळा? अडीच वर्षे ज्या पडद्याआड ती झोपली, तो डोळ्यांपुढून नाहीसा झाला.

पण बाईने पडद्याचे विचारलेच नाही.

"तुझं काम इथं, वडील इथं, बाग इथं," ती म्हणाली. "तिकडं काय आहे तुझं?"

"रात्र," बोडिल म्हणाली. तिला दुसरे काही सुचले नाही. "माझी रात्र तिकडं आहे." आणि तिने हिरवी वही पुढे केली.

बाईने वही उघडली. पाने उलटली. तिच्या भुवया जवळ आल्या. "हे कोणी लिहिलंय?"

"ज्याने तुम्हांला पत्र लिहिलं, त्यानेच. तो बाहेर बसलाय."

फोल्मरला आत बोलावले. तो ताठ उभा राहिला. बस म्हटले तरी बसला नाही.

"तू पत्रात लिहिलंस, ते सबंध उन्हाळा तिथं होते."

"होते. आठपर्यंत."

"वहीत तू लिहितोस, रोज झेंडा वर ठेवून गेले."

"गेले. मला त्यांची बाजू घ्यायची नाही. हे वागणं चुकीचंच आहे. मी सभेत मांडणार आहे."

"रोज तू उतरवलास?"

"मग काय रात्रभर ठेवू?" फोल्मर खवळला. "तुझ्या घरी ठेवतात का?"

बाईने ओठ मिटले. तिने खिडकीबाहेर पाहिले, मग वहीच्या पानांच्या प्रती काढून घेतल्या. मालक घरात असता, तर झेंडा शेजाऱ्याने का उतरवावा, हे तिला समजावून सांगावे लागले नाही. तीही त्याच देशात वाढली होती.

"निर्णय पत्राने कळवू," ती म्हणाली.

उठताना बोडिलने मनात डाचत होते ते विचारले. विचारू नये असे तिला वाटत होते, तरी तोंडातून गेलेच. "जुलैत एकदा वडिलांना फार बरं नव्हतं. मी एक रात्र इस्पितळात राहिले असते तर?"

"वडील आजारी असताना? एखाद्या रात्रीनं काही होत नसतं," बाई कागद नीट लावीत म्हणाली. "राहायचं होतंस."

बोडिल बाहेर आली. ओस्तापने तिचा चेहरा पाहिला आणि तो घाबरला. "नाही म्हणाली?"

"नाही. काही म्हणाली नाही." ती भिंतीशी टेकून उभी राहिली. "म्हणाली, मी राहायचं होतं."

पुढचे पाच आठवडे सर्वांत वाईट गेले. पूर्वी तिला कागदाची भीती होती. आता कागद येण्याआधी वडील जातील याची होती. बागसंघाने हिवाळ्यासाठी पाणी बंद केले, झाडांची पाने गळाली. एइनार यांचे वजन पोरासारखे झाले. तिने त्यांना झेंड्याची हकीकत सांगितली.

"सबंध उन्हाळा फोल्मरने माझा झेंडा उतरवला?"

"हो, बाबा."

"शरमेची गोष्ट आहे," ते म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवले.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात झाकण वाजले. ओस्तापने लिफाफा उचलला, कारण बोडिल स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावरच खिळली होती. त्याने वाचले, पुन्हा वाचले, आणि शेवटी तो कागद तिच्या हातात दिला. ओस्तापला पाच वर्षांचा परवाना मिळाला होता. ती हसली नाही. तिने पहिल्यांदा पाहिली ती पाच वर्षांनंतरची तारीख.

नोव्हेंबरात एइनार घरी आले. दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत त्यांचा पलंग, बाहेरच्या खोलीत बोडिल आणि ओस्ताप. माल्मोचे सामान एका खेपेत आले. बुटांचे खोके तिने कपाटाच्या वर ठेवले. ते टाकून द्यायला ती तयार नव्हती. फोल्मरने शेपूचे लोणचे पाठवले होते. सभेत एकेचाळीस नंबरला ताकीद मिळाल्याचा कागदही त्याने सोबत ठेवला होता.

पहिल्या संध्याकाळी ती वडिलांना सूप भरवीत होती. बाहेर केव्हाच अंधार पडला होता, नोव्हेंबरच तो. भिंतीवरच्या घड्याळात आठला पाच मिनिटे कमी होती. एइनार यांनी चमचा हाताने बाजूला सारला.

"ऊठ, पोरी. गाडी चुकेल."

"आज गाडी नाही, बाबा."

त्यांना ते लगेच पटले नाही. ते दाराकडे पाहत राहिले, जणू ती आता उठेल. घड्याळात आठ वाजून गेले, आठ वीस झाले. बोडिलचे पाय सवयीने ताठले, पळायला तयार झाले. तिने दोन्ही टाचा जमिनीवर दाबून धरल्या आणि चमचा पुन्हा सुपात बुडवला.